मावशीच्या गालातली गाठ तिच्या विचारांनी आलेली नाही

गेल्या रविवारी लालबागला मावशीकडे गेलो होतो. तिची लाइट संपून दोन महिने झाले. (रेडिएशनला आमच्या घरात सगळे लाइटच म्हणतात.) जेवण अजून पातळच आहे. चहा झाल्यावर तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बघ रे, हे खरं असतं का? मी आयुष्यभर काळजीच करत आले. त्यानेच झालं असेल का माझं हे?"

तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर लाइट चालू असतानाच आलेला मेसेज होता. "दृष्टी बदला, सृष्टी बदलेल." माझ्या ऑफिसच्या ग्रुपवर तो त्याच्याही आठवडाभर आधी येऊन गेला होता, तेव्हा मी न वाचता पुढे गेलो होतो. आता वाचला. त्याचं म्हणणं असं की बाहेरचं जग म्हणून काही नसतंच, आपण जसं पाहतो तसं ते घडतं. हे म्हणे क्वांटम फिजिक्सने सिद्ध केलंय, पाण्याच्या स्फटिकांनी सिद्ध केलंय. आजार नकारात्मक विचारांतून येतात आणि सकारात्मक विचारांनी जातात, म्हणून आजाराचा उच्चारही करू नये. गर्दी, गरिबी, त्रास या मनाच्या अवस्था आहेत. आणि शेवटी तुकोबांची साक्ष.

पहिले दोन मुद्दे पटकन उरकतो. क्वांटम प्रयोगातलं 'निरीक्षण' म्हणजे कुणाचं तरी बघणं नव्हे. इलेक्ट्रॉन दोन बारीक फटींतून पडद्यावर सोडले की तिथे नक्षी उमटते. इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे टिपणारं उपकरण लावलं की ती नक्षी बदलते, खोलीत माणूस असो वा नसो. उपकरणाचा इलेक्ट्रॉनशी संबंध येतो म्हणून ती बदलते. त्यात आपल्या मूडचा भाग शून्य. पाण्याला "धन्यवाद" म्हटलं की गोठताना त्याचे सुंदर स्फटिक होतात हा दावा जपानच्या मासारू इमोटो यांचा. असंख्य स्फटिकांतून कोणते छापायचे ते निवडणारी माणसं त्यांचीच होती, आणि निवडून छापलेल्या फोटोंनी काहीही दाखवता येतं. मुंबईचं पाणी भांडुपला गाळून, क्लोरीन घालून पिण्याजोगं होतं. तिथे कुणी पाण्याशी गोड बोलत नाही.

मला राग आला तो तिसऱ्या मुद्द्याचा. बाकीचा मेसेज नुसता चुकीचा आहे, हा मुद्दा माणसाला इजा करतो.

मावशीला झालेला कॅन्सर तोंडाचा. 2007 साली 'कॅन्सर' या नियतकालिकात जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. डोकं, तोंड, घसा या भागांत कॅन्सर झालेले 1,093 रुग्ण त्यात होते. उपचार सुरू होताना प्रत्येकाची मनःस्थिती प्रश्नावलीने नोंदवून ठेवली होती. हे रुग्ण उपचारांच्या मोठ्या चाचण्यांमध्ये सामील झालेले, म्हणजे कुणाला नीट उपचार मिळाले आणि कुणाला नाही, असा गोंधळ फारसा नाही. त्यांतले 646 जण अभ्यासाच्या काळात गेले. आकडा वाचवत नाही, पण तो मोठा असल्यामुळेच उत्तर ठाम मिळालं: कोण किती जगलं याचा सुरुवातीच्या मनःस्थितीशी संबंध सापडला नाही. आनंदी माणसं जास्त जगली नाहीत. खचलेली माणसं खचल्यामुळे लवकर गेली नाहीत.

मग फरक कशाने पडतो? आपल्या परळच्याच टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांचं काम 2015 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा असताना मानेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तर तीन वर्षांनंतर 80 टक्के रुग्ण जिवंत होते. गाठी वाढल्या तरच काढू म्हणून थांबलेल्यांत 67.5 टक्के. दोन्हीकडची माणसं घाबरलेलीच असणार. फरक पडला तो सर्जनने काय केलं आणि कधी केलं याने.

आता मेसेजमुळे काय झालं ते सांगतो. "आजाराचा उच्चार करू नका" हे मावशीने मनावर घेतलं होतं. लाइट चालू असताना तोंड आतून सोलून निघालं, थुंकी गिळता येईना, आणि डॉक्टर दर आठवड्याला विचारायचे तेव्हा ही सांगायची, "बरं आहे." दुखतंय म्हटलं तर दुखणं वाढेल असं तिला वाटायचं. वजनकाट्यावर सात किलो कमी भरले तेव्हा डॉक्टरांनी खोदून विचारलं आणि नाकातून नळी घातली. आधी सांगितलं असतं तर वेदनेचं औषध आधी मिळालं असतं. आम्हा घरच्यांनाही कळलं नाही. आम्ही तिला हसताना बघत होतो आणि आम्हालाही तेच बघायला बरं वाटत होतं.

यात एक गोष्ट मला मान्य करावी लागते, मनाविरुद्ध का होईना. वेदनेच्या बाबतीत मनाचा हात खरंच असतो. इटलीतले संशोधक फाब्रिझियो बेनेदेत्ती यांनी दाखवलंय की वेदनाशामक औषध रुग्णाच्या नकळत मशीनमधून सोडलं तर कमी काम करतं, आणि डॉक्टर समोर येऊन "आता देतोय" म्हणून देतात तेव्हा जास्त. आणि धीर धरलेला माणूस तारखा चुकवत नाही, हेही खरं. पण इथेही औषध लागतंच, सांगणारा माणूस लागतो, आणि त्याआधी रुग्णाने "दुखतंय" म्हणावं लागतं. मेसेज नेमकं तेच तोंड बंद करतो.

गर्दी मनात असते म्हणे. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पाऊस होता, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या (आताचं प्रभादेवी) पुलावर माणसं खोळंबली होती, पूल अरुंद होता. चेंगराचेंगरीत 23 जण गेले. मावशीच्या घरापासून हे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्यानंतर लष्कराने नवा पूल बांधला, कारण तिथे पुलाचीच गरज होती.

आणि पाऊस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, कुलाब्याला 73. कुलाब्यातल्या माणसाला तो दिवस साधा पावसाळी वाटला असेल आणि सांताक्रूझजवळच्या कलिन्यातल्या माणसाला प्रलय. एकाच शहरात दोन जगं, हे कबूल. पण ती नजरेने केलेली नाहीत. माणूस कुठे उभा होता यावरून ती ठरली. आपण ज्याला दृष्टिकोन म्हणतो तो बहुतेक वेळा असा जागेवरून आलेला असतो: कोणत्या मजल्यावर राहता, कोणत्या वेळची लोकल पकडता, पगार कितीचा. जिला जागा बदलता येत नाही तिला नजर बदलायला सांगणं हे मला क्रूर वाटतं.

राहिले तुकोबा. मन प्रसन्न ठेवायला त्यांनी सांगितलं, खरं आहे. पण त्यांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, हेही त्यांनी स्वतःच अभंगात लिहून ठेवलंय, आणि तिथे दुष्काळाला दुष्काळच म्हटलंय. तिच्या विचारांत खोट होती असा एक शब्द त्यात नाही. त्यांचं नाव असल्या मेसेजखाली पाहून मला फार वाईट वाटलं.

हे सगळं मी मावशीला तिच्या भाषेत सांगितलं. ती म्हणाली, "मग कशाने झालं?" मी म्हटलं, मशेरीने. ती जरा वेळ गप्प बसली. "बारा वर्षांची होते," म्हणाली, "दाढ दुखायची. आईनेच तव्यावर भाजून दिली होती. गावात दुसरं होतं काय?" तेव्हा मला कळलं की मशेरी म्हणतानाही जपून म्हणायला हवं होतं.

निघताना तिला एक दोनशे पानी वही दिली. जे होतंय ते यात लिहायचं आणि डॉक्टरांना वाचून दाखवायचं, असं ठरलं. पुढची तारीख गुरुवारी आहे. काल फोनवर तिने मला वाचून दाखवलं, तीन ओळी झाल्यात. तोंड कोरडं पडतं. डावा कान ठणकतो. रात्री भीती वाटते.