राजपुत्र उशिरा हलतो, म्हणूनच मजा आहे

नमस्कार. लांबलचक प्रतिक्रियेबद्दल आभार, तीही न चिडता लिहिलेली! तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जुना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा कॉम्प्युटर गेम आज खेळवत नाही. बटण दाबल्यावर गडी सावकाश हलतो, वर साठ मिनिटांत अख्खा गेम संपवायची टांगती तलवार. आम्ही त्याचे गोडवे गातो ते केवळ लहानपणाच्या आठवणींपोटी, आणि २००७ची ‘क्लासिक’ आवृत्ती दिसायला देखणी असताना मूळ गेम हवाच कशाला?

आठवणींचा वाटा आहेच, तो कोण नाकारतंय? पण तुम्हाला जी खोट वाटते, तोच तर खेळ आहे. जॉर्डन मेकनरने अ‍ॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरसाठी हा गेम केला (१९८९), तेव्हा धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल गिरवून काढली. म्हणून राजपुत्राला अंगाचं वजन आहे. पळताना थांबवलात तर तो जागच्या जागी थिजत नाही, थोडा पुढे घसरतो. उडीचं बटण दाबलं तरी पाऊल पुरं पडल्यावरच झेप घेतो. त्यामुळे कडा कुठे संपते हे आधीच हेरून ठेवावं लागतं. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकत गेलात तर जमिनीतून वर आलेल्या सुळ्यांमधूनही सुखरूप निघता; तिथेच धावत सुटलात की खेळ खलास. धसमुसळ्या माणसाचं या तळघरात काही खरं नाही.

२००७च्या आवृत्तीने तळघरांचा आराखडा बराचसा तोच ठेवला, पण राजपुत्राची चालढाल ‘सँड्स ऑफ टाइम’ या याच मालिकेतल्या नंतरच्या गेमच्या वळणावर नेली. दिसतो झकास. मात्र अंगात चपळाई आली आणि सापळ्यांची भीती गेली, असं माझं मत आहे. वर ग्राफिक्सचा रंग चढवा हवा तेवढा, त्याला माझी हरकत नाही. हालचालींचा ताल बदलला की गेमच बदलतो.

आता सावलीचं, म्हणजे राजपुत्राच्याच रूपातल्या शत्रूचं, बघा. अ‍ॅपल टूची मेमरी भरत आली होती, नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागाच नव्हती. मग राजपुत्राचीच चित्रं एक बिट सरकवून स्वतःशीच एक्सऑर केली (म्हणजे दोन्ही चित्रांत जिथे फरक पडतो तेवढेच ठिपके ठेवले) आणि चमचमत्या कडांची एक आकृती फुकटात मिळाली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते, पाचव्या लेव्हलला आपल्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली रिकामी करते, सहाव्याच्या शेवटी तोंडावर दार पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर उभी राहते, आणि तिच्यावर वार केला तर जीव आपला कमी होतो. तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालून जायचं, की दोघं एक होतात. हा सगळा मामला उभा राहिला तो मेमरी अपुरी पडली म्हणून! भरपूर जागा असती तर बहुधा आणखी एक दाढीवाला पहारेकरी मिळाला असता.

साठ मिनिटांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. आज कुणाला एवढी उसंत आहे? त्यासाठी चकचकीत रीमेकऐवजी ‘एसडीएलपॉप’ बघा. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या गेमचा कोड उलगडून चाहत्यांनी तो नव्या कॉम्प्युटरसाठी लिहिलाय. फुकट आहे. हालचाली जशाच्या तशा, जुन्या चुकासुद्धा. त्यातली कुठली दुरुस्त करायची ते आपण एकेक करून ठरवायचं. मधेच सेव्ह करायचीही सोय आहे. रीमेक करणाऱ्यांनी हा शहाणपणा उचलायला हरकत नाही.

तुमचा मुलगा पहिल्याच लेव्हलला कंटाळला म्हणता, तर त्याला आपल्या कॉम्प्युटर क्लासमधली जुनी युक्ती शिकवा: ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप करून गेम सुरू करायचा आणि शिफ्ट-एल दाबत पुढे सरकायचं. फक्त बाराव्या लेव्हलला थांबवा, आणि तलवार म्यान करायची हे त्याला आधी सांगू नका.