बदामी-हंपीलाच का नेलं, आमच्या बाजूने

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. ट्रिप तुमच्या मनासारखी झाली नाही त्याबद्दल सॉरी, अगदी मनापासून. सुट्टी टाकून, पैसे भरून माणूस येतो आणि तोंड पाडून परत जातो हे आम्हालाही बघवत नाही.

पण तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय ना, की "भारतातली बेस्ट क्लाइंबिंग डेस्टिनेशन्स म्हणून जाहिरात करतात आणि नेतात कुठे तर शाळेच्या सहलीतल्या बदामी-हंपीला, हिमाचलचं नाव काढलं की टाळाटाळ, यांना स्वतःलाच बेस्ट काय ते माहीत नाही", ते लागलं. रूम, जेवण यावर बोला, ऐकून घेऊ. पण कुठल्या महिन्यात कुणाला कुठल्या दगडावर न्यायचं हेच तर आमचं काम आहे हो, पोट त्यावर चालतं. म्हणून जरा लांबण लागेल, समजून घ्या.

पहिली गोष्ट, तारखा तुमच्या होत्या. तुमच्या ग्रुपला ऑफिसची नाताळची सुट्टी होती, तीच हवी होती. तुम्ही सेथनची जी रील पाठवली होती ती परत एकदा बघा, मागे हिरवंगार गवत आहे आणि तो मुलगा टीशर्टवर चढतोय. ती उन्हाळ्यातली आहे सर. सेथन मनालीच्या वर, साधारण २७०० मीटरवर. तिथले बोल्डर, म्हणजे दोराशिवाय चढायचे मोठे सुटे दगड, झकासच आहेत, त्यात वादच नाही, पण मे ते ऑक्टोबर. डिसेंबरच्या शेवटी तिथे लोक स्की आणि इग्लूसाठी जातात. दगड बर्फाखाली, ते शोधायला फावडं न्यावं लागेल.

मग तुम्ही म्हणालात छत्रू, लाहौलमधली बोल्डरची जागा. आणि रिव्ह्यूमध्ये लिहिलंत की "अटल टनेल झाल्यापासून लाहौल बाराही महिने चालू असतं, हे लोक खोटं सांगतात". खोटं हा शब्द फार जड आहे. फोनवर मी हे समजावलं होतं, तेव्हा तुम्ही गाडी चालवत होतात बहुतेक, म्हणून आता लिहूनच देतो. अटल टनेल २०२० ला सुरू झाला, ९ किलोमीटरचा, आणि त्यातून बाहेर पडलं की तुम्ही सिस्सू-केलाँगच्या बाजूला निघता. छत्रू त्या रस्त्यावर नाहीच. ते चंद्रा नदीच्या वरच्या अंगाला, ग्रांफूवरून काझाकडे जो कच्चा रस्ता जातो त्यावर, ३३०० मीटरच्या वर. तो रस्ता बर्फ पडलं की बंद होतो आणि उन्हाळा आल्याशिवाय उघडत नाही, टनेल असो नसो. म्हणजे सिस्सूला तुम्हाला नेऊन बर्फात फोटो काढून परत आणता आलं असतं, तसे पॅकेजवाले ढीगभर आहेत, पण त्याला क्लाइंबिंग ट्रिप म्हणून पैसे घेणं आम्हाला जमत नाही. लडाखच्या सुरू व्हॅलीचंही तेच, तिकडे उन्हाळ्यातच जावं. जून-जुलैमध्ये या, सेथनला मी स्वतः नेतो.

आता तुम्ही विचारलंय की मग सह्याद्री काय वाईट होता, लोणावळ्याला निम्म्या पैशात झालं असतं. वाईट? सर, मी सह्याद्रीतच चढायला शिकलो, ड्यूक्स नोज काय, तैलबैला काय, जीवधनचा वानरलिंगी काय, यांच्यावर माझा जीव आहे. पण आपला दगड बेसाल्ट, थराथराचा. मोठमोठे कडे आहेत पण ठिकठिकाणी मुरमाड, गवत, घसारा, आणि चांगला दिसणारा होल्ड, म्हणजे धरायची जागा, तुटून सरळ हातात येतो. वर आग्या मोहोळं. तिथे चढणारे लोक मेखा ठोकत, दगड वाजवून बघत, दिवस दिवस एका सुळक्यावर काढतात. तुमच्या फॉर्मवर लिहिलं होतं, "इनडोअर वॉल तीन महिने, लीड केलेलं नाही", म्हणजे दोर स्वतः वर नेत कधी चढलेलं नाही. अशा माणसाला पहिल्यांदा खऱ्या दगडावर नेताना मी वानरलिंगीला नेऊ? आणि निम्म्या पैशात जे मिळतं ते रॅपलिंग असतं, दोराने खाली उतरणं. चांगली मजा आहे ती, पण तो वेगळा धंदा आहे.

थंडीत जाण्यासारख्या बाकीच्या जागांचाही विचार केला होता. दिल्लीजवळचं धौज डिसेंबरमध्ये मस्त असतं, पण तिथे बरंचसं ट्रॅड, म्हणजे फटीत अडकवायची नट-कॅम ही साधनं स्वतः लावत, त्यात दोर अडकवत चढायचं. बेंगळुरूजवळ सावनदुर्ग आहे, अखंड ग्रॅनाइट, पण ती लांबलचक स्लॅब, म्हणजे तिरका गुळगुळीत खडक, हाताला धरायला काही नाही, सगळा विश्वास पायावर, पहिल्याच ट्रिपला लोकांची गाळण उडते. बंगालमधली पोरं थंडीत सुसुनिया, जयचंडी पहाडला कोर्स करतात, पण पुण्याहून तिथवर जायचं म्हणजे अर्धी सुट्टी ट्रेनमध्येच.

म्हणून बदामी. तिथला सँडस्टोन कडक, हाताला भरपूर धरायला, दोर अडकवायला आधीच बोल्ट मारलेले रूट सोप्यापासून थेट ८बी प्लस या फार अवघड ग्रेडच्या "गणेशा"पर्यंत, जो आपल्या पुण्याच्या तुहिन सातारकरने केलाय. शाळेच्या सहलीत तुम्ही लेणी बघितलीत, भिंती नाही बघितल्या.

आणि "दुसऱ्याच दिवशी प्लॅन बदलून घाईघाईत हंपीला हाकललं" याबद्दल. आदल्या रात्री पाऊस पडला होता, आठवत असेल. सँडस्टोन पाणी पितो. वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो आणि तेव्हा कमजोर होतो, होल्ड तुटतात, तुटले की तो रूट कायमचा बदलतो आणि चढणाऱ्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. हंपीचा ग्रॅनाइट पाणी पीत नाही, वारा आणि ऊन मिळालं की काही तासांत कोरडा. या दोन जागा आम्ही जोडीने ठेवतो त्याचं एक कारण हेच. दीडशेक किलोमीटर आहे, दुपारपर्यंत पोचलो, संध्याकाळी हंपीपलीकडच्या आनेगुंदीच्या बाजूला तुम्ही क्रॅश पॅड, म्हणजे पडलं तर लागू नये म्हणून गादी, खाली टाकून चढत होतात. बदामीच्या हॉटेलचे त्या रात्रीचे पैसे आम्हाला परत मिळाले नाहीत आणि ते तुमच्याकडून मागितलेही नाहीत. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही, असो.

राहिला आमचा "उद्धट गाइड". तो तुमच्यावर ओरडला हे खरं आहे, मी त्याला विचारलं. पण कशासाठी ओरडला तेही लिहायला हवं होतं. तुम्ही फोटोसाठी मंडपाच्या दगडी खांबावर पाय लावून वर चढायला लागलात. हंपी १९८६ पासून वर्ल्ड हेरिटेज आहे, तिथल्या वास्तूंवर चढायला बंदी आहे, आणि एकाने असं काही केलं की बोभाटा सगळ्या क्लाइंबर्सच्या नावाने होतो. उद्या बोल्डरही बंद झाले तर तुम्ही दुसरी ट्रिप कराल, तो पोरगा काय करेल? त्याने दोनदा सांगितलं होतं, तिसऱ्यांदा आवाज चढला. आवाज खाली ठेवायला सांगितलंय त्याला.

आमची कंपनी छोटी आहे, मी आणि दोन गाइड, ऑफिस म्हणजे घरातलीच एक खोली. मोठ्या कंपन्यांना एका स्टारने फरक पडत नसेल, आमच्या जानेवारीच्या बॅचमधल्या दोघांनी तुमचा रिव्ह्यू वाचून फोन केले. तो काढा असं म्हणत नाही, तुमचा हक्क आहे, फक्त टनेलचं तेवढं वाक्य दुरुस्त करता आलं तर बघा, कारण ते वाचून कुणीतरी खरंच डिसेंबरमध्ये बूट-चॉक घेऊन छत्रूला निघायचा.

वेबसाइटवर कुठल्या महिन्यात कुठे जायचं ते जरा ठळक टाकायचं ठरवतोय, आणि हंपीच्या जेवणाचंही बघतो काहीतरी.