बसची वाट

त्या दिवशी बसथांब्यावर पस्तिसाव्या मिनिटाला मी फितूर झालो.

तोवर मी तिथल्या पंधरा-वीस जणांतलाच एक होतो. दर अर्ध्या मिनिटाला आम्ही सगळे एकदम मान लांब करून वळणाकडे बघायचो, जणू मान ताणली की बस निघते. शेजारी एक मावशी पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. ‘येईल,’ असं त्या मधूनमधून म्हणायच्या. मला नाही, पिशवीला.

मी फोन काढला आणि परीक्षेत कॉपी करावी तसा तळहाताआड धरून टॅक्सी शोधू लागलो. तेवढ्यात पावसाचे चार थेंब पडले आणि अ‍ॅपने भाडं दीडपट केलं. ‘मागणी वाढली आहे,’ असं नम्रपणे लिहिलंही होतं. मागणी तर अख्ख्या थांब्याचीच वाढली होती, पण ती कोणी मोजत नव्हतं.

बस कधी येईल हा मुळात संभाव्यतेचा प्रश्न. १६५४ साली गणितज्ञ फर्माशी पत्रव्यवहार करता करता संभाव्यतेच्या गणिताचा पाया घालणाऱ्या ब्लेझ पास्कलच्याच पुढाकाराने १६६२ मध्ये पॅरिसात ठरलेल्या मार्गांवरून घोडागाड्या धावू लागल्या, हा मला योगायोग वाटत नाही. भाडं पाच सोल. कल्पना अशी, की पैसे टाकावे आणि बसावं. पण तिथल्या उच्च न्यायसभेने अट घातली: सैनिक, घरगडी, मजूर यांनी चढायचं नाही. म्हणजे सार्वजनिक गाडी आणि ‘हे लोक नकोत’ हे दोन्ही शोध एकदमच लागले. पुढे पंधराएक वर्षांत त्या गाड्या बंद पडल्या. हल्ली अशी बंदी घालावी लागत नाही. दीडपट भाडं पुरतं.

माझी टॅक्सी आली ती नेमकी बसच्या जागेत उभी राहिली. मी दार ओढतोय तोच आरशात बस दिसली. एक नव्हे, दोन! पुढची खच्चून भरलेली, मागची ओस. यात चमत्कार काही नाही. बसला जरा उशीर झाला की थांब्यावर माणसं जास्त साठतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो, मागच्या बसला कोणी उरतच नाही आणि ती भराभर येऊन पुढचीला गाठते. हे मी वाचलं होतं. पहिला ‘जरा उशीर’ कुठून येतो, ते मात्र त्या क्षणी कळलं. तो टॅक्सीत बसून पट्टा लावत होता.

पुढे सगळा रस्ता तुंबलेला. मागच्या सीटवर मी आणि माझी बॅग. तिलाही स्वतंत्र जागा. आमच्या मागे साठेक माणसं घेऊन बस हॉर्न वाजवतेय.

‘बसवाल्यांना फार घाई असते साहेब,’ ड्रायव्हर म्हणाला.

‘हो ना,’ मी म्हणालो. मला हे म्हणायचं नव्हतं. सिंगापूरने १९७५ मध्ये, लंडनने २००३ मध्ये शहराच्या मध्यभागी शिरणाऱ्या गाड्यांवर पैसे आकारायला सुरुवात केली, हे मी चारचौघांत तावातावाने सांगत असतो. प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या की ताटकळणं वाढतं, मग आणखी माणसं फुटतात आणि फुटायची ऐपत नसलेली थांब्यावर उरतात, हेही सांगतो. बहुतेक वेळा टॅक्सीतून उतरता उतरता.

सिग्नलला बस शेजारी येऊन उभी राहिली. खिडकीशी, दांडीला लोंबकळत, त्याच मावशी. त्यांनी वरून आधी मला पाहिलं, मग बॅगेला. मी फोनमध्ये काहीतरी अत्यंत महत्त्वाचं वाचायला घेतलं. बॅटरी एक्केचाळीस टक्के होती.

शेवटच्या थांब्यापाशी मी उतरलो आणि मागोमाग बसही रिकामी झाली. मावशी समोरच आल्या.

‘मघाशी तुम्हीच होतात ना?’

‘हो... जरा घाई होती.’

‘मग?’ त्यांनी बसकडे पाहिलं, टॅक्सीकडे पाहिलं. ‘पोचलात?’

मी ओशाळं हसलो.

‘माझा अर्धा दिवस कापणार आज. तुमचा?’

‘नाही. म्हणजे, ट्रॅफिक होता म्हणून सांगेन.’

‘आणि ते ऐकतात?’

‘ऐकतात. तेही त्यातच अडकलेले असतात.’

‘बरंय बाई. आमच्याकडे ट्रॅफिक नसतो, नुसता उशीरच असतो.’ पिशवी सावरत त्या निघाल्या, चार पावलांवर थांबल्या आणि वळून म्हणाल्या, ‘उद्या परत गाडी बोलवाल ना, तर जरा मोठी बोलवा. आपण सगळे मावू एवढी.’