ट्यूबवरच्या तारखेबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री माझ्या मुलीने वाचून दाखवला. एक स्टार, आणि खाली चार तक्रारी: कोरियन पीलिंग जेलने (चेहऱ्यावर चोळून वरची मेलेली कातडी काढायच्या जेलने) चेहरा लाल झाला, चोळताना निघणाऱ्या पांढऱ्या वळ्या म्हणजे फसवणूक आहे, परत करायला आलात तेव्हा मी नीट बोलले नाही, आणि मुदत संपलेला माल तुमच्या गळ्यात मारला.

बोलण्याबद्दल आधी माफी मागते. चार गिऱ्हाइकं उभी असताना माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. चेहऱ्याची आग झाली याचंही वाईट वाटतं. लाली अजून उतरली नसेल तर त्यावर दुसरं काही लावू नका, माझ्याकडचंही नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पण मुदतीचं मला सोसवत नाही जी. नागपूरच्या बाजारात, बर्डीवर, माझं दुकान 19 वर्षांपासून आहे. टिकल्या-बांगड्यांपासून सुरुवात केली, आता कोरियन क्रीम-जेल ठेवते. तुमचा रिव्ह्यू आल्यावर एका जुन्या गिऱ्हाइकाने काल लिपस्टिक घेतानाही तारीख दाखवा म्हटलं. दाखवली. पण तिने याआधी कधी विचारली नव्हती.

तुम्ही टाकलेला फोटो ट्यूबच्या खालच्या चपट्या कडेचा आहे. त्या कडेवर दोन तारखा आहेत. वरची 2024.11.05, खालची 2027.11.04. फोटोत खालची तुमच्या अंगठ्याखाली गेली आहे. कोरियात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असं लिहितात. वरच्या तारखेजवळ जी दोन अक्षरं आहेत ती 'जेजो', म्हणजे माल तयार झाला ती तारीख. खालच्या तारखेजवळची 'काजी', म्हणजे 'पर्यंत'. मला कोरियन येत नाही, पण ही चार अक्षरं मी पाठ केली आहेत, कारण माल आला की प्रत्येक नग उलटून पाहणं हे माझंच काम आहे, ते मी दुकानातल्या मुलींवर सोडत नाही. ट्यूबवर उघड्या डबीचं एक छोटं चित्र आहे, त्यात 12 लिहिलंय. म्हणजे उघडल्यावर 12 महिन्यांत संपवायची. तुम्ही ती घेतली तेव्हा मुदतीला दोन वर्षांहून जास्त वेळ होता.

हे सगळं खोक्यावर इंग्रजीत आहे. आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, एमआरपी, दोन्ही तारखा. ते खोकं पर्समध्ये मावत नाही म्हणून तुम्ही काउंटरवर ठेवून गेलात. माझी चूक एवढीच की मी ते ठेवू दिलं. वापरायचं कसं तेही त्याच खोक्यावर लिहिलेलं असतं.

रिव्ह्यूत 'स्वस्तातलं काहीतरी उचलून दिलं' असंही लिहिलंय, तेही खुपलं. महालक्ष्म्यांच्या आधीचा शनिवार होता, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी मी तुमच्याशी अर्धा तास बोलले. तुमच्या हातात 1,150 ची ट्यूब होती, ती मीच खाली ठेवायला लावली. तुम्ही म्हणालात, चेहरा खरखरीत लागतो, नुसता मऊ व्हायला हवा, बजेट 600 पर्यंत. एवढ्यासाठी महागाची गरज नसते. अशा जेलमध्ये वळ्या होण्याचं काम सेल्युलोज आणि कार्बोमर करतात, ते 600 च्या ट्यूबमध्येही असतात आणि 1,150 च्या ट्यूबमध्येही. खोक्यावर फळांची चित्रं कितीही मोठी असोत, घटकांच्या यादीत फळांचे अर्क बहुतेक वेळा तळाला असतात, आणि यादी जास्तीकडून कमीकडे लिहितात. यादीत ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड दिसलं तर मी आधी विचारते की चेहऱ्यावर पुरळ आहे का, डॉक्टरांचं रेटिनॉलचं क्रीम चालू आहे का. तुम्हालाही विचारलं होतं. दोन्हीला नाही म्हणालात, तरीही मी ॲसिड नसलेलीच ट्यूब दिली. एमआरपी 650, घेतले 600.

वळ्यांचं तुमचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे, ते मी मान्य करते. त्या पांढऱ्या वळ्या म्हणजे सगळी मेलेली कातडी नव्हे. बराचसा भाग जेलचाच असतो. बहुतेक जेल धुतलेल्या ताटलीवर चोळलं तरी वळ्या निघतात. दिवाळीत उटणं चोळताना निघतात, त्यातही पीठच जास्त असतं, पण म्हणून उटणं खोटं ठरत नाही. वळ्या फिरताना वरवर सुटलेली कातडी सोबत घेऊन जातात, म्हणून चेहरा हाताला मऊ लागतो. जाहिरातीत ते वेगळं दाखवतात. मी काउंटरवर कधीही 'हा सगळा तुमचा मळ' असं सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

आता आगीबद्दल. तुम्हीच लिहिलंय की पार्लरमधून ब्लीच आणि अपर लिप करून आलात, त्याच रात्री जेल लावलं, छान वाटलं म्हणून पुढचे दोन दिवसही लावलं. ताई, मी आठवड्यातून एकदा म्हटलं होतं. चेहरा धुवून, पुसून, चिंचोक्याएवढं घ्यायचं, डोळ्यांजवळ नको, हलक्या हाताने मिनिटभर फिरवायचं, धुवायचं, क्रीम लावायचं. थ्रेडिंग, वॅक्स, ब्लीच झालं असेल तर निदान चार-पाच दिवस हात लावायचा नाही. हे शेवटचं त्या गर्दीत मी सांगितलं की राहिलं, हे आज छातीठोकपणे सांगता येत नाही. राहिलं असेल तर ती चूक माझी. वर दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही स्कूटीवर वर्धा रोडने गेलात. नागपूरचं ऊन सप्टेंबरमध्येही सोडत नाही, म्हणून तर आपल्या मुली तोंडाला स्कार्फ बांधल्याशिवाय गाडी काढत नाहीत. अशा चेहऱ्याला सनस्क्रीन आणि स्कार्फ दोन्ही लागतात.

उघडलेली ट्यूब मी परत घेऊ शकत नव्हते, ती पुन्हा कोणाला विकता येत नाही आणि विकूही नये. तरी तुम्ही या, पैशांचं आपण बसून बघू. वापराची माहिती मराठीत लिहून देण्याचंही माझ्या मनात आहे, दिवाळीचा माल लागला की करते.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. लाल झालेला चेहरा खरा आहे, तो राहू द्या. एक स्टारही राहू द्या. फक्त 'मुदत संपलेला माल' एवढे तीन शब्द बदला. दुकानात दोन मुली कामाला आहेत, त्यांचा पगार याच गल्ल्यातून निघतो.

तुमचं खोकं मी ड्रॉवरमध्ये ठेवलंय. दुकान सकाळी 11 ते रात्री 9, सोमवारी बंद. ट्यूब सोबत आणा, दोन्हीवरच्या तारखा एकत्र बघू.