पहिली फुल मॅरेथॉन आणि हळू पळायची लाज

फिनिशर मेडलचा फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "टायमिंग किती?" पाच तासांहून थोडं जास्त. घ्या. आता ते बाजूला ठेवून मला जे बोलायचंय ते बोलते.

माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या फुल मॅरेथॉनसाठी (42.195 किलोमीटर) टायमिंगचं टार्गेट ठेवूच नये आणि तयारीतलं निदान तीन चतुर्थांश पळणं तरी स्वतःला लाज वाटेल इतकं हळू करावं. लाज हा शब्द मुद्दाम वापरतेय. हळू पळणं शरीराला जड जात नाही, जड जातं ते मनाला. बाजूने कुणी सहज पुढे निघून गेलं की पाय आपोआप उचलले जातात. हातातलं घड्याळ रन संपल्यावर सगळं ॲपवर चढवतं आणि तिथे चारशे ओळखीचे लोक आपला पेस, म्हणजे किलोमीटरला लागलेला वेळ, बघणार असतात. मग थकवा घालवायचा साधा रिकव्हरी रनसुद्धा शर्यत होऊन बसतो. आमचे कोच म्हणायचे, "मॅडम, आज तुम्हाला कुणी मागे टाकलं नसेल, तर तुमचा रन चुकला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो विनोद वाटला होता.

हळू म्हणजे किती? घड्याळ नको, हार्ट रेटचं गणितही नको. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. "हो", "नाही", "पुढे" एवढंच तोंडातून निघत असेल, तर वेग जास्त आहे. गप्पा मारत पळणारे ग्रुप टाइमपास करताहेत असं लोकांना वाटतं. खरं तर ते अगदी बरोबर ट्रेनिंग करत असतात.

यामागचं कारण कळलं की लाज बरीच कमी होते. नियमित पळायला लागलं की छातीचा भाता काही आठवड्यांतच सुधारतो. दम कमी लागतो, पाच किलोमीटर सोपे वाटू लागतात आणि अंगात जोर आल्यासारखा वाटतो. पण हाडं, स्नायुबंध, टाचेमागची शीर यांना तयार व्हायला महिने लागतात. म्हणजे इंजिन आधी मोठं होतं आणि चॅसिस जुनंच राहतं. नवख्या रनर्सची नडगी दुखणं, गुडघ्याची बाहेरची बाजू धरणं, तळपायात सकाळी पहिल्या पावलाला कळ येणं हे बहुतेक याच काळात होतं, कारण फुप्फुसं "चल" म्हणत असतात आणि पायांना तर अजून कुणी विचारलेलंच नसतं. हळू पळण्याने पायांना तेवढा वेळ मिळतो. शिवाय स्नायूंमधल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढणं, चरबी इंधन म्हणून वापरायची सवय लागणं ही मॅरेथॉनला लागणारी कामं सावकाश आणि लांब पळण्यातच नीट होतात.

आता इंधनाचा हिशेब. साधारण नियम असा की एक किलोमीटर पळायला जेवढं किलो वजन, साधारण तेवढ्या कॅलरी लागतात. 60 किलोच्या माणसाला 42 किलोमीटरसाठी झाल्या अडीच हजार. स्नायू आणि यकृत मिळून शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा जेमतेम दोन हजार कॅलरींच्या आसपास असतो. वेग वाढवला की शरीर चरबी कमी आणि ग्लायकोजेन जास्त जाळतं. म्हणून सुरुवातीला जोरात गेलेल्याचा साठा तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला संपतो. रनर लोक त्याला "वॉल लागली" म्हणतात. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये कमावलेली पाच मिनिटं शेवटच्या दहामध्ये अर्धा तास घेऊन जातात. आरंभशूरांसाठी याहून क्रूर खेळ दुसरा नसेल.

यावर हमखास येणारं उदाहरण म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळाला आणि ऑलिंपिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन गेला. बरोबर आहे. पण त्याच ऑलिंपिकमध्ये त्याने त्याआधी 5000 आणि 10000 मीटरची सुवर्णं जिंकली होती आणि 400 मीटरचे रिपीट (तेवढंच अंतर जोरात पुन्हा पुन्हा पळणं) मारून मारून त्याचे पाय वर्षानुवर्षं तयार झाले होते. त्याची पहिली मॅरेथॉन आणि आपली पहिली मॅरेथॉन यांत फक्त अंतर सारखं आहे. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियुड किपचोगेचं नाव घेणारेही भेटतात. 2019 मध्ये व्हिएन्नात त्याने 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत अंतर कापलं, म्हणजे किलोमीटरला 2 मिनिटं 50 सेकंद. अधिकृत विक्रम म्हणून ते धरलं जात नाही, पण माणसाने ते केलं. हाच किपचोगे सोप्या दिवशी त्याच्या त्या वेगाच्या मानाने अक्षरशः रमतगमत पळतो. आपण मात्र रेसचा पेस आणि सोप्या दिवसाचा पेस यात वीस सेकंदांचाही फरक ठेवायला तयार नसतो.

आणि "पाच तास म्हणजे चालल्यासारखंच की" म्हणणाऱ्यांसाठी एक आठवण. 1967 मध्ये कॅथरिन स्वित्झर बोस्टन मॅरेथॉनला 261 नंबरचा बिब (धावपटूचा क्रमांक) लावून उतरली, तेव्हा एक अधिकारी रस्त्यात धावत येऊन तिचा बिब ओढायला लागला होता, कारण बायकांना हे अंतर झेपणार नाही असं तेव्हा मानलं जायचं. तिने ती शर्यत साधारण 4 तास 20 मिनिटांत पूर्ण केली. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन यायला त्यानंतर 1984 उजाडलं. तिच्या त्या 4 तास 20 मिनिटांना "हळू" म्हणून दाखवा बरं.

एक मात्र कबूल करायला हवं. नेटवरचे तयार प्लॅन आपल्यासारख्या हळू पळणाऱ्यांचा फारसा विचार करत नाहीत. शेवटचा लाँग रन (सरावातलं लांब पल्ल्याचं पळणं) 32 किलोमीटर, असं सगळीकडे छापलेलं असतं. किलोमीटरला साडेआठ मिनिटं लावणाऱ्याला त्यासाठी साडेचार तासांहून जास्त वेळ पळावं लागेल. त्यातून जेवढं मिळतं त्यापेक्षा जास्त मोडतोड होते आणि पुढचा आठवडा वाया जातो. मी लाँग रनला किलोमीटरऐवजी तासांची मर्यादा घातली. साडेतीन तास झाले की घरी. दर तीन-चार आठवड्यांनी एक हलका आठवडा. शेवटचे दोन-तीन आठवडे टेपरिंग, म्हणजे अंतर कमी करत आणायचं. या काळात धडधाकट माणसाला नसलेली दुखणी होतात. मला डाव्या घोट्यात काहीतरी नक्की मोडलंय अशी खात्री पटली होती.

हळू पळणाऱ्यांचा दुसरा धोका पाण्याचा. रस्त्यावर जास्त तास, म्हणजे जास्त हायड्रेशन पॉइंट (पाणी मिळायच्या जागा), म्हणजे प्रत्येक ठिकाणी ग्लास रिकामा. 2002 ची बोस्टन मॅरेथॉन पूर्ण केलेल्यांच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा सुमारे 13 टक्के लोकांमध्ये सोडियम नॉर्मलपेक्षा खाली आलेलं होतं. पळताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून जास्त वेळ लागलेल्यांना तो धोका अधिक होता. भरपूर पाणी प्या, हा सल्ला इथे उलटतो. तहान लागली की प्यायचं.

रेसच्या दिवसाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं थोडंफार सारखंच असतं. पहिले पंधरा किलोमीटर मी अक्षरशः दात-ओठ खाऊन स्वतःला रोखलं. लोकांचे लोंढे पुढे जात होते. तेहतिसाव्याच्या पुढे त्यातले बरेच परत भेटले, कुणी पोटरी धरून बसलेले, कुणी चालत. मला आनंद झाला असं म्हणणं बरं दिसत नाही, पण झाला. माझी अवस्थाही काही राजेशाही नव्हती. नऊ किलोमीटर उरलेत, साडेसातचा पेस, तर किती मिनिटं, हा गुणाकार मला बराच वेळ येईना. नऊ साते त्रेसष्ट पर्यंत पोचायचे आणि उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं ते विसरून पुन्हा सुरुवात. कानशिलावर मिठाचा थर आला होता, बोटाने खरवडला तर खरोखर पांढरी भुकटी निघाली. एनर्जी जेलचं पाकीट फाडायला हाताची बोटं ऐकत नव्हती, शेवटी दाताने फाडलं आणि अर्धं टीशर्टवर सांडलं. पण पाय चालू होते. थांबले नाहीत, कळही आली नाही.

शेवटचे 195 मीटर कशासाठी, असा विचार मात्र त्या क्षणी आला. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विंडसर कॅसलपासून स्टेडियममधल्या शाही आसनासमोरपर्यंत जे अंतर भरलं, तेच पुढे 1921 मध्ये कायम झालं. राजघराण्याच्या सोयीसाठी मी ते जादाचे मीटर घासत होते.

आता पुढची फुल करणार का, असंही विचारलंय काहींनी. करणार, पण मध्ये दोन-तीन हाफ मॅरेथॉन होतील आणि आधी काही आठवडे काहीच नाही, कारण सध्या जिना उतरताना मी कठडा धरून आडवी उतरतेय आणि अंगठ्याचं नख काळं पडलंय. पुढच्या वेळी टायमिंगचं टार्गेट ठेवीन. पहिली झाल्यावर तेवढी मुभा मिळते.