बिअरनं मुतखडा विरघळत नाही, मामा

गेल्या रविवारी गंगाखेडजवळच्या आमच्या आजोळाहून मामीचा फोन आला. "तुझे मामा रोज संध्याकाळी दोन बाटल्या पिऊ लालेत. औषध म्हणून. तू बिअरच्याच कारखान्यात हैस ना, मग तूच सांग, हे खरं हाय का?"

मामा माळकरी. साठीला आलेत, पण दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. मामी सांगत होती, प्यायच्या आधी गळ्यातली माळ काढून देवळीशेजारच्या खुंटीला अडकवतात, नाक मुरडत दोन्ही बाटल्या संपवतात, चूळ भरतात आणि सकाळी आंघोळ करून माळ परत घालतात. आठ दिवस हेच चाललेलं. चैत्रातली एकादशीसुद्धा सुटली नाही, कारण मामांना आलेल्या मेसेजमध्ये लिहिलं होतं की ही बिअर उपवासाची आहे.

तो मेसेज मग मला तीन गटांतून आला. एक आमच्या घरच्यांचा, एक दहावीच्या बॅचचा, एक कॉलनीचा. मजकूर थोडक्यात असा: पुण्याच्या एका छोट्या ब्रुअरीनं शिमग्याच्या सुमाराला 'बॉक' नावाची खास वसंतातली बिअर काढली आहे. जर्मनीतले साधू उपासाला हीच पितात, कारण ती म्हणजे पातळ भाकरी. टाकीच्या तळाशी वर्षभर बसलेलं सत्त्व वसंतात उपसून ती बनते. बॉक म्हणजे बोकड, म्हणून अंगात बोकडाचं बळ येतं. बार्लीचंच पाणी असल्यानं ती दारूत मोडत नाही, उलट उन्हाळ्यात थंडावा देते. आणि रोज दोन बाटल्या पंधरा दिवस घेतल्या की कितीही मोठा मुतखडा विरघळून पडतो, ऑपरेशन टळतं. शेवटी 'गरजूंपर्यंत पोचवा'.

मी वाळूजला एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काम करतोय. माझं घर बिअरवर चालतं, तेव्हा बिअरला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. ही बॉक मी स्वतः प्यायलोय. पुण्याच्या मित्रानं चार कॅन आणले होते. तांबूस रंग, फेस दाट, आणि वास थेट तव्यावरच्या भाकरीच्या करपलेल्या कडेचा. चव गोडसर, कडूपणा अगदी कमी. आमच्यातल्या एकाला ती खजुरासारखी लागली. दुसऱ्यानं अर्धा ग्लास ठेवून दिला, म्हणाला, ही जड आहे, बिअर कशी घशातून सरसर उतरली पाहिजे. लोकांच्या प्रतिक्रियाही अशाच दोन टोकांच्या दिसल्या. काहींना पहिल्यांदाच बिअरमध्ये धान्याची चव सापडली, काहींना पैसे वाया गेल्यासारखं वाटलं. पण "भाकरीसारखी लागते" हे कुणीतरी चवीबद्दल बोललेलं वाक्य "भाकरीच आहे" होऊन गंगाखेडपर्यंत कसं पोचलं, याचा मला संताप येतो. कॅनवर असलं काही लिहिलेलं नाही. लिहिताच येत नाही. दारूच्या लेबलवर आरोग्याचा दावा करायला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे, आणि आरोग्यास हानिकारक असल्याची सूचना छापणं २०१९ पासून सक्तीचं आहे.

आधी मुतखड्याचं बघू. बाकीच्या थापांनी माणूस फार तर फसतो, या थापेनं किडनी जाऊ शकते.

मामांचा खडा डाव्या किडनीत आहे, ११ मिलिमीटरचा. सोनोग्राफीचा कागद मी पाहिला. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि हा पदार्थ पाण्यात विरघळत नाही, बिअरमध्येही नाही. दुसरं म्हणजे बिअर किडनीत बिअर म्हणून जातच नाही. पोट, आतडं, रक्त, यकृत असा तिचा रस्ता आहे. अल्कोहोलचा बराचसा भाग यकृतात मोडतो. किडनीला मिळतं ते मुख्यतः जास्तीचं पाणी, आणि त्यानं लघवी वाढते. खड्याशी तिचा संबंध एवढाच. लघवी साध्या पाण्यानंही वाढते.

यावर लगेच कुणीतरी सांगतो, "आमच्या शेजाऱ्याचा पडला की!" पडला असेल. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआप पडतात. त्या दिवसांत शेजारी बिअर पीत होता म्हणून नाव बिअरचं झालं. तो उसाचा रस पीत असता तर रसाचं झालं असतं. दहा मिलिमीटरच्या पुढचा खडा असा आपसूक पडणं मुश्किल, आणि मामांचा तर त्याही पुढचा.

यात अर्धं खरं आहे, तेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी ते माझ्या तोंडावर फेकेल. अमेरिकेत सुमारे दोन लाख लोकांची आठ वर्षांहून जास्त काळ पाहणी झाली, ती २०१३ मध्ये छापून आली. त्यात सर्वात जास्त बिअर पिणाऱ्यांमध्ये मुतखडा होण्याचं प्रमाण सर्वात कमी पिणाऱ्यांपेक्षा ४१ टक्के कमी दिसलं. दिसलं, नाकारत नाही. पण ही गोष्ट खडा नव्यानं होण्याची आहे. झालेला खडा विरघळल्याचं त्यात कुठंही नाही. शिवाय त्याच पाहणीत कॉफी पिणाऱ्यांमध्ये प्रमाण २६ टक्के आणि चहा पिणाऱ्यांमध्ये ११ टक्के कमी होतं. चहानं मुतखडा पडतो, असा मेसेज मला आजवर कुणी पाठवला नाही.

आता मामांच्या बाबतीत जे खरं भयंकर आहे ते. त्यांचं युरिक अॅसिड आधीपासून वाढलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी उजव्या पायाचा अंगठा असा सुजला होता की धोतराचा काठ लागला तरी कळ मस्तकात जायची. त्याला गाउट म्हणतात, वैद्य वातरक्त म्हणतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली एक मोठा अभ्यास आला. ज्यांना गाउट नव्हता अशा ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवलं. रोजच्या ३५५ मिलिलिटर बिअरमागे गाउटचा धोका जवळजवळ दीडपट झाला. रोज दोन किंवा जास्त बिअर पिणाऱ्यांना तो न पिणाऱ्यांच्या अडीचपट होता. कडक दारूनंही वाढला, पण बिअरइतका नाही. माफक वाइननं वाढल्याचं दिसलं नाही. म्हणजे दोष नुसत्या अल्कोहोलचा नाही. बिअरमध्ये प्युरीन असतात, त्यांचं शरीरात युरिक अॅसिड होतं. आणि आपली बाटली ३५५ ची नाही, ६५० ची. मामा रोज अशा दोन घेत होते.

युरिक अॅसिडचेही खडे होतात. गंमत म्हणून सांगत नाही, पण औषधानं विरघळू शकणारा खडा असेल तर तो मुख्यतः हाच. त्यासाठी लघवीतली आम्लता कमी करणारी औषधं डॉक्टर देतात आणि लघवी तपासत राहतात. बिअर नेमकं उलटं करते, ज्याचा खडा होतो तेच अंगात वाढवते.

आणखी एक. खडा नळीत अडकून लघवी तुंबली असेल, तर वरून ढोसत राहिल्यानं खडा 'ढकलला' जात नाही, किडनी फुगते आणि कळ वाढते. त्यात ताप आणि थंडी वाजून आली तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा तासांचा हिशेब असतो, पंधरा दिवसांचा नाही.

आणि मामा बॉक पीतच नव्हते! गंगाखेडात बॉक कुठून येणार? दुकानदारानं सांगितलं, "तसलीच हाय, घेऊन जा," आणि साधी स्ट्राँग बिअर हातात ठेवली. बाटलीवर आठ टक्के. हिशेब करा. ६५० मिलिलिटरमध्ये ५२ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल, दोन बाटल्यांत १०४. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते साधारण २६ असतं. म्हणजे ज्या माणसानं आयुष्यात दारू चाखली नाही, तो रोज व्हिस्कीच्या चार मोठ्या पेगांइतकं घेत होता, आणि वर रक्तदाबाची गोळी. 'बार्लीचं पाणी, दारूत मोडत नाही' या मुद्द्याला यापेक्षा वेगळं उत्तर नाही. बार्लीला मोड आणून, वाळवून, भाजून, गरम पाण्यात तिची साखर उतरवेपर्यंत ते गोड पाणीच असतं. यीस्ट पडलं की त्या साखरेची दारू होते. रोज सकाळी हायड्रोमीटर, म्हणजे रसाचा दाटपणा मोजणारी तरंगती नळी, त्या रसात सोडून तो किती खाली गेला हे लिहून ठेवणं माझं काम आहे. साखर उतरत जाते, अल्कोहोल चढत जातं. बॉक तर साध्या बिअरपेक्षा कडक. जर्मनीत बॉक म्हणवून घ्यायला यीस्ट पडण्याआधीच्या रसात निदान १६ टक्के अर्क, म्हणजे धान्यातून उतरलेली साखर वगैरे, असावा लागतो, म्हणून ती सहा-सात टक्क्यांपर्यंत जाते.

थंडाव्याचंही तेच. बाटली थंड असते, परिणाम थंड नसतो. अल्कोहोल शरीरातलं पाणी राखणाऱ्या हार्मोनला दाबतं, म्हणून माणूस सारखा लघवीला जातो आणि पहाटे घसा कोरडा पडून उठतो. परभणीच्या ४२ अंशांत दिवसभर घाम गाळलेल्या माणसाची लघवी आधीच दाट झालेली असते. दाट लघवीत खडा वाढतो.

साधूंची गोष्ट मात्र पूर्ण खोटी नाही. म्युनिकच्या पाउलानर मठातले जोगी सतराव्या शतकापासून बिअर गाळायचे आणि ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत दाट, पोटभरीची बिअर प्यायचे. तिला ते पातळ पाव म्हणत, हेही खरं. पण तो त्यांचा उपास, त्यांच्या धर्माचा, त्यांच्या थंडीतला. तो आमच्या एकादशीला कुणी जोडला? आणि पौष्टिक म्हणाल, तर २०११ मध्ये अमेरिकेत एका माणसानं तो उपास करून पाहिला. ४६ दिवस फक्त डॉपलबॉक, म्हणजे बॉकचाच आणखी कडक प्रकार, आणि पाणी. त्याचं वजन अकरा किलोंहून जास्त उतरलं. अशक्त माणसाला हे अन्न म्हणून सुचवायचं?

तळातलं सत्त्व ही थाप वाचून मला वाईट वाटलं, कारण यात मेहनतीचा अपमान आहे. टाकीच्या तळाशी सत्त्व नसतं, खाली बसलेलं यीस्ट आणि गाळ असतो. हाताला लागला तर चिखलासारखा बुळबुळीत, वास आंबट-कडू. आम्ही तो काढून टाकतो आणि टाकी कॉस्टिक सोड्यानं धुतो. धान्याचा चोथा वेगळा, तो गोठेवाले म्हशींसाठी नेतात. बॉक वसंतात येते याचं कारण साधं आहे. ती थंडीत गाळतात, दहाएक अंशांवर आंबवतात आणि मग शून्याच्या आसपास कित्येक आठवडे मुरू देतात. मुरायला घातलेलं लोणचं जसं आपल्या वेळेलाच काढायचं, तशी ती वसंतात उघडतात.

बोकडाबद्दल फार लिहीत नाही. उत्तर जर्मनीत आइनबेक नावाचं गाव आहे, ही बिअर मूळची तिथली. बव्हेरियातल्या लोकांच्या तोंडी आइनबेकचं 'आइनपॉक' आणि पुढं 'आइन बॉक' झालं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'एक बोकड', म्हणून लेबलावर बोकडाचं चित्र आलं. पैठणची ती पैठणी, तशी आइनबेकची ती बॉक. नाव गावाचं आहे, बळाचा संबंध नाही.

"भरपूर पाणी प्या," एवढं म्हणून मोकळं होणं मलाही जड जातं. खडा होणाऱ्यानं दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यावं, असं डॉक्टर सांगतात. मामांच्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा मराठवाडा. शेतावर जाताना मामा एक बाटली नेतात आणि ती संध्याकाळपर्यंत पुरवतात. अशा माणसाला पाणी स्वस्तात मिळत नाही आणि औषध म्हणून बिअर सांगितली जाते, याची मला चीड येते.

मंगळवारची परभणीची तारीख मिळालीय. गाडी मी नेतोय. डॉक्टरांनी दुर्बिणीनं खडा फोडून काढायचं सुचवलंय. काल मामांशी तासभर बोललो. हे सगळं सांगितलं, अगदी पेगांच्या हिशेबासकट. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "मग नुसतं बार्लीचं पाणी चालंल का रं?"

चालेल मामा. मामीला सांगा, मूठभर बार्ली रात्री भिजत घालायची, सकाळी भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायची, गाळून लिंबू पिळायचं. साखर नको. पण खडा त्यानंही विरघळणार नाही, मंगळवारी परभणीला जायचंच आहे.