शेवाळ म्हणू नका ओ

आज सकाळी रंकाळ्यावर फिरून कट्ट्यावर बसलो होतो, भाच्यानं ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरच्या होबार्टवरनं पाठवलेला, समुद्राखालच्या संपत चाललेल्या जंगलाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, तर आमचा एक दोस्त म्हणतो, "शेवाळच की ते! संपलं तर संपू दे, घसरून पडायचं तरी वाचंल." सगळे खो खो हसले. डोकंच फिरलं माझं.

शेवाळ? जायंट केल्प म्हणतात त्याला. तळापासून वरपर्यंत ३० मीटर उभं जंगल, पाणी मानवलं तर दिवसाला अर्धा मीटर वाढतंय, आपला ऊस लाजंल. प्रत्येक पानाच्या बुडाला हवेचा फुगा, त्याच्यावर तरंगतंय.

ते फुगे बघून मालवण आठवलं. पाचवीत असताना किनाऱ्यावर सरगॅसमची जुडी घावलेली, केल्पचंच तपकिरी भाऊबंद, त्याला वाटाण्याएवढे फुगे. फोंडा घाट चढेपर्यंत एस्टीत फटाफट फोडत आलो, उरलेलं डब्यात घालून कपाटात. चार दिवसांनी असला वास सुटला की आईनं डब्यासकट फेकून दिलं. रडलो होतो मी, खोटं कशाला सांगू.

आणि तिकडं टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं ९५ टक्के जंगल गेलं, त्याचं कुणाला काय? २०१२ ला सरकारनं धोक्यात म्हणून यादीत घातलं, तवर उरलं होतं किती! उत्तरेकडनं गरम पाण्याचा प्रवाह येतोय, त्यात नायट्रेट, म्हणजे ह्याचं खत, कमी, आणि ह्याला मुळं नाहीत, खालचा पंजा नुसता दगड धरायला, जेवण सगळं अंगानं पाण्यातनं ओढायचं, मग पाण्यातच नसंल तर खाणार काय? त्याच प्रवाहाबरोबर लांब काट्यांचे सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री जीव) आले, त्यांनी कुरतडून खडक उघडे केले, आणि अर्चिनला खाणारी मोठी शेवंडं (लॉबस्टर) माणसांनी आधीच जेवणात संपवलेली. वा रे वा.

हां, कॅलिफोर्नियात, चिलीत केल्प आहे अजून, मान्य. आणि आधी रंकाळ्याचं बघ म्हणाला दोस्त, तेही बरोबरच आहे म्हणा.

भाचा म्हणतोय, उरलेल्यातनं गरम पाणी सोसणारी झाडं निवडतात (झाडं पण नव्हेत ती, वनस्पतींशी लांबचंच नातं), लॅबमध्ये त्यांचे डोळ्यांना न दिसणारे नर-मादी धागे वाढवतात, त्यातनं झालेली पिल्लं परत समुद्रात लावतात. हे ऐकून जरा शांत झालो.

दुपारी आईला व्हिडिओ दाखवला. चष्मा लावून दोनदा बघितला तिनं. मग विचारते, "ह्यालाबी तसाच वास येतोय काय रे?"